सायकलवाल्यांसाठी रस्ता बांधू नका, आहे ती वाट नोंदवा

वाशिष्ठीच्या दोन्ही काठांवरच्या ग्रामपंचायतींना खुलं पत्र

सर्व सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक यांस सप्रेम नमस्कार. (ग्रामसेवकांचं पदनाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे हे ठाऊक आहे, पण गावात अजून कुणी त्या नावाने हाक मारत नाही, तेव्हा राग नसावा.)

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं सायकलचं दुकान आहे. वडिलांच्या काळात सायकली तासाच्या भाड्याने जायच्या. पुढे मोटरसायकली आल्या आणि आम्ही पंक्चर काढणं, आरे भरणं, रिमचा आऊट काढणं यावर तग धरून राहिलो. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी दुकानाच्या माळ्याला लागलं. ओसरल्यावर सतरा सायकली चिखलातून ओढून काढल्या आणि महिनाभर एकेका हबमधला गाळ खरवडत बसलो. त्यामुळे वाशिष्ठीबद्दल मी गोडगोड लिहीन अशी अपेक्षा ठेवू नका. माझा आणि तिचा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे.

गेली तीन-चार वर्षं दुकानात वेगळ्याच सायकली येतात. हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर चांगले दीड इंच रुंद, त्यात ट्यूब नाही, दुधासारखं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) भरलेलं, आणि हवा चाळीस पौंडांच्या आतच. याला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. पुण्याच्या एका मुलाने पहिल्यांदा मला विचारलं, "काका, इथे खडीचे रस्ते कुठे मिळतील?" तेव्हा दुकानात बसलेले आमचे शेजारी म्हणाले, "अरे, डांबर कुठे मिळेल ते विचार. खडी सगळीकडेच आहे." तो हसला नाही. त्याला खरंच खडी हवी होती. आमच्याकडे खडी म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. त्याच्यासाठी ती सुट्टीतली मजा होती.

मग मीही एक जुनी सायकल तशी करून घेतली. पुढे छोटा चेनव्हील, मागे मोठं फ्रीव्हील, जाड टायर. गेली दोन वर्षं दर मंगळवारी दुकान बंद असतं तेव्हा पोफळीपासून खाडीपर्यंत तुमच्याच गावांतून हिंडतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलं असेल. ग्रामसभेच्या दिवशी कार्यालयासमोर घामाघूम उभा राहून पाणी मागणारा तो मीच.

पत्र लिहायचं कारण सांगतो. मागच्या महिन्यात एका गावच्या सरपंचांनी बोलावून विचारलं, "पर्यटनाचा निधी येण्यासारखा आहे. नदीच्या काठाने सायकल ट्रॅक टाकू या म्हणतो. काँक्रीट बरं की पेव्हर ब्लॉक? रुंदी किती धरायची?" माणूस तळमळीचा आहे, हेतू चांगला आहे. पण अंदाजपत्रकाचा कागद पाहून माझ्या पोटात गोळा आला. ज्या वाटेसाठी ती पोरं दोनशे किलोमीटर लांबून येतात, तिच्यावरच काँक्रीट ओतायचं चाललं होतं. त्यांना हेच म्हणालो आणि आता सगळ्यांनाच म्हणतो: बांधू नका. वाटा आहेत. त्या तुमच्या दप्तरात आणा, चार साकव (ओढ्यांवरचे छोटे लाकडी पूल) दुरुस्त करा आणि कुठून जायचं, कुठून नाही हे तुम्ही ठरवा, मोबाइलला ठरवू देऊ नका.

वाटा आहेत म्हणजे काय, हे माझ्या सायकलच्या चाकाने सांगतो, कारण वाहनातून ते कळत नाही. नदीकाठच्या मळ्यांतून बांधाच्या कडेने गाडीवाट जाते. भातकापणी झाली की ती पुन्हा उघडी पडते. मधे गवताची पट्टी आणि दोन्ही बाजूंना चाकोऱ्या. या चाकोऱ्या बैलगाडीच्या आहेत. बैलगाड्या गेल्या, चाकोऱ्या राहिल्या. तिथून वर चढलं की जांभ्याचा मुरूम लागतो. देशावरची काळी माती पावसात चाकात गच्च बसते, फोर्कमध्ये अडकते, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आपला मुरूम पाणी पिऊन टाकतो. जोराची सर येऊन गेल्यावर तासाभराने तुम्ही त्यावरून जा, टायरला चिकटत नाही. मग घाटी लागते. तिथे मोठाले गोटे, सुटे चिरे, आणि मला उतरून ढकलावं लागतं. वयाची लाज वाटायची ती आता वाटत नाही. आणि वर सडा, म्हणजे कातळाचं पठार. डिसेंबरात सड्यावरचं गवत पिवळं पडून आडवं झालेलं असतं, काळा कातळ मोकळा असतो, आणि त्यावरून टायर जातो तेव्हा आवाजच बदलतो. मुरमावर कुरकुर असते, कातळावर नुसती घरघर, खालून पोकळ असल्यासारखी. सड्यावरून एकीकडे सह्याद्रीची भिंत दिसते आणि दुसरीकडे नदी खाडी होत रुंदावत जाते ती दिसते. याच्यासाठी कुणी एक रुपया खर्च केलेला नाही.

चिरेखाणीचे रस्ते यात धरू नका. दिसायला ते सगळ्यात सोपे, रुंद, सपाट. पण चिऱ्याच्या ट्रकने पडलेले खड्डे लाल धुळीने भरलेले असतात, आणि त्या पिठासारख्या धुळीत पुढचं चाक कधी बुडेल ते कळत नाही. माझा खांदा त्यातच निखळला होता. ट्रकवाल्याची चूक नव्हती, त्याचा तो धंद्याचा रस्ता आहे. सोडलेल्या खाणींच्या काठाने तर मुळीच कुणाला पाठवू नका. पंधरा-वीस फूट सरळ तुटलेला कडा असतो, कठडा नसतो आणि पावसाळ्यानंतर आत पाणी.

आता नदीविषयी, कारण इथे बाहेरचा माणूस हमखास फसतो. आपली वाशिष्ठी कोकणातल्या इतर नद्यांसारखी वागत नाही. बाकीच्यांना मार्चनंतर डबकी उरतात. हिला बारमाही पाणी आहे, आणि ते हिचं नाही. कोयनेचं पाणी शिवसागर जलाशयातून डोंगराच्या पोटातून पश्चिमेला आणलं, १९६२ पासून पोफळीला त्यावर वीज होते, पुढे कोळकेवाडीला अडवून पुन्हा वीज होते आणि उरलेलं अवजल वाशिष्ठीत सोडतात. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायची मुभा कृष्णा लवादाने दिलेली आहे. एवढं पाणी आपल्या दारातून वाहून समुद्राला मिळतं आणि वरच्या वाड्यांना एप्रिलात टँकर लागतो, हा विषय वेगळा, त्यावर पत्र लिहायला घेतलं तर वही पुरणार नाही.

सायकलवाल्याला यातलं एवढंच कळायला हवं की कोयनेची वीज मागणीच्या वेळेला जास्त करतात. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, यंत्रं चालू होतात आणि ढग नसताना नदी चढते. सकाळी नऊला घोट्याएवढ्या पाण्यातून मी सायकल खांद्यावर घेऊन उतार, म्हणजे नदी पायी पार करायची जागा, ओलांडला आहे आणि संध्याकाळी सहाला त्याच दगडांवर मांडीच्या वर पाणी पाहिलं आहे. आपल्या पोरांना हे आईच्या दुधाबरोबर कळतं. पुण्याच्या मुलाला कसं कळणार? त्याच्या मोबाइलमध्ये तिथे नुसती निळी रेघ असते. खाली गोवळकोटच्या अंगाला दुसरंच घड्याळ चालतं, तिथे भरती-ओहोटी. ओहोटीला खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) बांधावरून जाता येतं, भरतीला बांधाच्या कडेला पाणी लागतं आणि चिखलात सुसरी, म्हणजे मगरी, अंग शेकत पडलेल्या असतात. सुसर दिसली म्हणून सायकल थांबवून फोटो काढायला खाली उतरणारे मी पाहिले आहेत. प्रत्येक उताराशी एक पाटी पुरे: "पाणी अचानक वाढते. दुपारी तीननंतर उतरू नये." वेळ तुमच्या उताराप्रमाणे तुम्ही लिहा. ती कुठल्याच अ‍ॅपला माहीत नाही, तुमच्या गुराख्याला माहीत आहे.

आता माझी फजिती. गेल्या वर्षी एकाने मोबाइलवर एक मार्ग पाठवला. त्याला जीपीएक्स म्हणतात, रेघेमागून जात राहायचं. रेघ एका वाडीत शिरली. पुढे बेडं होतं, तीन वासे आडवे. मी वासे सरकवले, आत गेलो, आणि दहा पावलांवर लक्षात आलं की चाकाखाली जमीन मऊ लागते आहे. ते खळं, म्हणजे घरापुढचं अंगण होतं. नुकतंच सारवलेलं, शेण अजून ओलं, बोटांच्या कमानी उमटलेल्या. त्या कमानींवरून माझ्या टायरची नक्षी सरळ तुळशीपर्यंत गेली होती. ओटीवरून आजी उठल्या. "काय वो, ह्यो काय रस्ता हाय? माजं खळं हाय ह्ये." मी मोबाइल दाखवला. आजींनी तो हातात घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यात माजं घर कुटं हाय?"

घर नव्हतंच त्यात. नुसती रेघ होती. पूर्वी कुणीतरी वाट चुकून खळ्यातून गेला, त्याची रेघ दुसऱ्याने उचलली, त्याची तिसऱ्याने, आणि मोबाइलच्या लेखी आजींचं खळं सार्वजनिक रस्ता झालं. मी पायताण काढून बादली मागितली आणि जमेल तसं सारवून दिलं. आजी बघत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "बायकोनं शिकवल्यान न्हाय वाटतं." खरी वाट घराच्या मागून, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून होती. तण माजलं होतं म्हणून दिसत नव्हती. म्हणून सांगतो, वाट दिसेनाशी झाली की माणूस अंगणातून जातो. सायकलवाला आज आला. उद्या ट्रायल बाइकवाले येतील, आणि ते पायताण काढणार नाहीत.

आता मुद्द्याचं. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना २३ म्हणजे रस्त्यांची नोंदवही असते. ती उघडून बघा. बहुतेक ठिकाणी त्यात डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यांची नावं आहेत, कारण त्यांवर पैसे खर्च होतात. पाखाड्या (चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वाटा), घाट्या, सड्यावरच्या वाटा, नदीच्या उताराकडे जाणाऱ्या गाडीवाटा यातल्या किती आहेत? गाव नकाशात पाहिलंत तर तुटक रेघांनी पुष्कळ वाटा दाखवलेल्या सापडतील. नकाशात आहे, पायाखाली आहे, पण नोंदवहीत नाही. मग होतं काय, शहरातला कुणी सड्याची जमीन घेतो, तारेचं कुंपण घालतो आणि "इथून रस्ता नव्हताच" म्हणतो. एका गावात असंच झालं. शाळेला जाणारी मुलं जी वाट दहा मिनिटांत तुडवायची, ती आता डांबरी वळसा घालून पाऊण तास चालतात. अडवलेली वाट मोकळी करायला १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, त्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण तिथे वहिवाट सिद्ध करावी लागते. मुलं तर आता त्या वाटेने जात नाहीत. साक्षीदार कोण?

सायकलवाले इथे उपयोगी पडतात, आणि मी त्यांच्यासाठी गळा काढतोय असं कुणाला वाटलं तर त्याने एवढंच लक्षात घ्यावं: वाटेवर पाय पडत राहिला तर ती वाट राहते. आपली पोरं मोटरसायकलीने डांबरावरून जातात. त्यांना दोष नाही, मीही माल आणायला टेम्पोच लावतो. मग पाखाडीवर पाय कुणाचा पडणार? गुरं कमी झाली. शनिवार-रविवारी पाच-दहा सायकली जरी गेल्या तरी तण मागे हटतं. सड्यावरच्या आणि रानातल्या वाटेचा तर आणखी एक उपयोग आहे. फेब्रुवारीनंतर वणवे लागतात, कुणी गवतासाठी लावतो, कुणाच्या विडीने लागतो. पालापाचोळा नसलेली चार-पाच फुटांची तुडवलेली वाट जाळरेषेचं काम करते. मोठा वणवा अडणार नाही, पण लहान आग तिथे येऊन मरते. माझ्या डोळ्यांदेखत एका काजूच्या बागेच्या कडेला मेली आहे.

साकवांचं बघा. २०२१ च्या पुरात वाहून गेलेल्यांपैकी काही अजून तसेच आहेत. मोठ्या पुलांना निधी मिळाला, मिळायलाच हवा होता. पण पऱ्यावरचा पंधरा फुटांचा साकव कुणाच्याच यादीत बसत नाही. पूर्वी माडाचे दोन ओंडके, वर आडवे वासे, धरायला चिवा (बांबू), आणि वाडीने श्रमदानाने घातला की तीन पावसाळे निघायचे. एका ठिकाणी तो साकव नाही म्हणून माझा सात किलोमीटरचा फेरा पडतो. मी सायकलवाला, मला फेरा म्हणजे व्यायाम. पलीकडच्या वाडीतल्या बाईला रेशनचं पोतं डोक्यावर घेऊन तोच फेरा पडतो. साकव सायकलवाल्यांच्या नावाने मागितला तर बसेल तर तसा मागा, मला काही हरकत नाही.

रानाचं मात्र जपून. आपल्या जिल्ह्यात सरकारी जंगल नावालाच, बाकी सगळी खासगी राखलेली रानं. तिथून वाट जाते म्हणजे मालकाची परवानगी आहे असं नाही. मालकाला विचारा. तोड चालू असेल तेव्हा ओंडक्यांच्या उतारावरून कुणी जाऊ नये. काजूच्या दिवसांत, मार्च ते मे, बागेतल्या वाटा बंद ठेवल्या तरी कुणी रडणार नाही. बोंडाखाली पडलेली बी कुणी उचलली यावरून गावात भांडणं होतात, त्यात परक्या माणसाची भर नको. देवराईतून वाट जात असेल तर सायकल हातात, पायताण बाहेर, आणि ज्या राईत बायकांनी किंवा परक्यांनी जायचं नाही असं गाव मानतं तिथून वाट दाखवूच नका. मला स्वतःला असले नियम पटत नाहीत, पण ते मोडायचे की नाही हे सायकलवर बसून ठरवायचं नसतं. घाटमाथ्यावर तर प्रश्नच नाही: कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. आपली रेघ कुंभार्लीच्या पायथ्याशी थांबवा. वर जायची हौस असेल त्यांनी गुहागर-विजापूर रस्त्याने सरळ डांबरावरून घाट चढावा, तोही काही सोपा नाही.

अंधारानंतर कुणालाही वाटेवर ठेवू नका. बिबट्या आहे, गवे आता खालच्या वाड्यांपर्यंत येतात, आणि खवले मांजर रात्रीच हिंडतं. त्याच्यामागे लागलेली माणसंही रात्रीच हिंडतात. रात्रीच्या रानात अनोळखी दिवा दिसला तर गावाने संशय घ्यायला हवा. सायकलवाल्यांनी तो संशय बोथट करू नये.

पावसाळ्याबद्दल दोन मतं आहेत. पोरांना हिरवं हवं असतं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कातळावर शेवाळ, पाखाडीच्या पायऱ्या साबणासारख्या. जून ते सप्टेंबर वाटा बंद, हे माझं मत. कुणी म्हणेल धंदा बुडेल. बुडू दे. लावणीच्या दिवसांत बांधावरून सायकल घालणाऱ्याला चिखलात लोळवलं तरी मी लोळवणाऱ्याच्या बाजूने उभा राहीन.

पाखाड्यांवरून आठवलं. जुनी पाखाडी जांभ्याच्या चिऱ्यांची, फटींतून पाणी मुरणारी. तिच्यावर हल्ली काँक्रीटचा थर देतात. गुळगुळीत. पहिल्या पावसात शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं कडेच्या मातीतून चालतात. पन्नास वर्षं टिकलेल्या कामावर पाच वर्षं टिकणारं काम चढवायचं, याला विकास म्हणायचं असेल तर म्हणा. मी आपला सुटलेले चिरे परत बसवा म्हणेन. गावात एखादा तरी जुना गवंडी आहे ज्याला ते येतं.

इथे माझ्यावर एक आरोप होईल आणि तो रास्त आहे. डांबर नको म्हणणारा हा कोण, चिपळुणात पक्क्या घरात राहणारा? तसं मी म्हणत नाही. वाडीपर्यंत डांबर हवंच. अडलेल्या बाईला खुर्चीत बसवून चौघांनी घाटी उतरवून आणलेलं मी पाहिलं आहे, एकदा खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता. ज्या वाटेच्या टोकाला घर आहे ती रुंद करा, पक्की करा, तिच्यावरून रुग्णवाहिका गेली पाहिजे. मी बोलतोय ते दोन वाड्यांना, सड्याला, नदीला जोडणाऱ्या वाटांबद्दल, जिथे चारचाकीला काही काम नाही. तिच्या दोन्ही तोंडांना दोन उभे चिरे रोवा, मधे तीन फूट सोडा. म्हैस जाईल, सायकल जाईल, जीप जाणार नाही. आणि जिथे बेडं आहे तिथे बेडंच राहू द्या. "काढलंत तर लावून जा" एवढं चुन्याने गडग्यावर लिहा. आजींच्या वाडीत मी स्वतः लिहून आलो आहे. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.

पैशाचं खरं बोलू. यातून कुणी श्रीमंत होणार नाही. हे लोक हॉटेलात उतरत नाहीत, रेल्वेने येतात, सायकल लगेजच्या डब्यात टाकून चिपळूणला उतरतात, दोन दिवस हिंडतात, काही जण धोपाव्याहून दाभोळच्या फेरीबोटीने पलीकडे जातात. पण खातात बेदम. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, उन्हाळ्यात कोकम सरबताचे चार-चार ग्लास. दोन वाड्यांमध्ये बायकांनी सांगून ठेवल्यास जेवण करून द्यायला सुरुवात केली आहे. दर त्यांनीच ठरवला, मी फक्त नंबर पुढे देतो, तोही विचारून. ज्यांना घरात उतरवायचं असेल त्यांच्यासाठी पर्यटन संचालनालयाची निवास-न्याहारी योजना आहे, तिची नोंदणी करा म्हणजे पुढे कटकट नाही. आणि माझा स्वार्थ? आहेच. खडीवर टायर फाटतात, सीलंट संपतं, ब्रेकचे पॅड झिजतात. तुमच्या वाटा चालल्या तर माझं दुकान चालेल. लपवून ठेवायचं काही नाही त्यात.

या पत्रात मी एकाही वाटेचं, वाडीचं नाव दिलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. दोन वर्षांत अकरा फेऱ्यांच्या रेघा माझ्या मोबाइलमध्ये जमल्या आहेत. पोरं मागतात, मी देत नाही. ज्या गावाची ग्रामसभा ठराव करेल, वाट नमुना २३ ला चढवेल आणि कुठे जायचं नाही तेही सांगेल, त्या गावाची रेघ मी त्या दिवशी मोकळी करीन. बाकीच्या माझ्यापाशीच राहतील. लोक जैवविविधता नोंदवही तुमच्याकडे आहे, त्यात राया आणि पाणवठे लिहिलेले आहेत. ती समोर ठेवून बसलात तर अर्ध्या तासाचं काम आहे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, ही विनंती. बोलावलंत तर येईन, नकाशा आणि चुन्याची बादली घेऊन येईन, सायकलवरच. फक्त नदीपलीकडच्या गावांनी सभा सकाळी ठेवावी. संध्याकाळी लांबली तर पोफळीची यंत्रं चालू होतात आणि मला परत यायला उतार राहत नाही.

आपला,
चिपळूणच्या बाजारपेठेतला एक सायकल दुकानदार